मास्तरांचा पाय आणि कंपनीचं कॉईल

मास्तरांना सगळा गाव मास्तर म्हणायचा, पण त्यांनी आयुष्यात कधी हातात खडू धरला नव्हता. ते गाडी शिकवायचे. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना त्या निम्म्यांनी. डॉक्टर, दूधवाला, बँकेतल्या मोठ्या बाई, सगळे कधी ना कधी त्यांच्या शेजारी घाम पुसत बसलेले. रस्त्यात कुणी नीट वळण घेतलं की मास्तर म्हणायचे, आपला दिसतोय. वाईट घेतलं की म्हणायचे, बाहेरगावचा असेल.

शिकवण्यात त्यांचा एक हट्ट होता. गाडी बंद पडली की दोष गाडीवर ढकलायचा नाही. "तिला बिचारीला तोंड नाही," ते सांगायचे, "म्हणून तिच्या नावाने खडे फोडू नका. आधी आपल्या पायाकडे बघा." एखादा शिकाऊ म्हणालाच की मास्तर, इंजिनातच काहीतरी आहे, की ते त्याला खाली उतरवून गाडीभोवती एक फेरी मारायला लावत. फेरी मारून आला की पोरगा निमूटपणे क्लच सावकाश सोडायचा. आयुष्यभर हे बरोबर ठरत आलं होतं. आता माणसाची एखादी गोष्ट आयुष्यभर बरोबर ठरत आली की ती त्याच्या अंगातच मुरते, त्याला कोण काय करणार?

गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली तेव्हा मास्तरांनी शाळा बंद केली. शिकवायची दोन ब्रेकची जुनी गाडी विकून टाकली आणि मुलाच्या आग्रहाने घरासाठी नवी कोरी गाडी घेतली. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले थोडे दिवस घरी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणजे घरात दोघंच, मास्तर आणि सून. ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला मोठ्या हॉस्पिटलात होती, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. जायला दोन बस बदलाव्या लागत. नवी गाडी दारात आली आणि एका संध्याकाळी तिने चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, "बाबा, मला शिकवाल?"

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना बातमी गेली होती की सूनबाई शिकतेय, आणि तीही आपल्याकडे.

सुरुवात झकास झाली. पण गाडी थोडी तापली आणि चौकात हळू करायची वेळ आली की धक्के खायची, आचके द्यायची आणि गप्प व्हायची. मास्तर म्हणायचे, "क्लच." ती पुन्हा चालू करायची, पुन्हा तेच. रोज तेच. एकदा तिने भीतभीत विचारलंही, "बाबा, गाडीतच काही बिघाड नसेल ना?" मास्तर हसले. नवी कोरी गाडी, अजून सीटवरचं प्लास्टिक निघालेलं नाही, आणि म्हणे बिघाड. सून म्हणून तेवढी फेरी मारायला लावली नाही.

मग तो भाजीबाजाराच्या चौकातला दिवस आला. भर गर्दीत गाडी मेली. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. ती किल्ली फिरवतेय, गाडी हुंकार देऊन पुन्हा गप्प, आणि मागचा रिक्षावाला, तोही मास्तरांचाच विद्यार्थी, मान बाहेर काढून मजा बघतोय. मास्तरांचा तोल गेला. "अख्ख्या गावाला शिकवलं मी," ते म्हणाले, "पण तुझ्या पायाला काही कळतच नाही."

तिने हँडब्रेक ओढला, किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, पर्स उचलली आणि ती चालत बसस्टॉपवर गेली.

घरी भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. पण संध्याकाळी चहा आला, तसाच आला. आठवड्याचं रक्तदाब बघणंही चुकलं नाही. दंडाला पट्टा बांधताना तिचा हात नेहमीसारखाच हलका होता. फक्त ती त्या गाडीत पुन्हा बसली नाही. पाऊस असो, उशीर झालेला असो, मास्तर म्हणायचे, "सोडू का तुला?" आणि ती म्हणायची, "नको बाबा, बस आहे की." ते "आहे की" मास्तरांच्या छातीत रुतायचं. माफी मागावी असं रोज वाटायचं. पण मागायची कशाची? आवाज चढला हे खरं, पण चूक तर तिच्या पायाचीच होती, असं त्यांचं मन सांगायचं. आपलं पोरीशी असलेलं बोलणं तुटलं ते तुटलंच, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

आणि मग गाडी त्यांच्याच हाताखाली बंद पडायला लागली.

पहिल्यांदा पोस्टाजवळ. मग पुलाच्या चढावर. मास्तरांनी काय केलं असेल? आयुष्यभर जे लोकांना सांगितलं तेच केलं. आपल्या पायाकडे बघितलं. चपलेतला तो म्हातारा पाय, नख थोडं काळवंडलेलं. संपलं, ते मनात म्हणाले, आपला पाय गेला. कुणाला बोलले नाहीत. मेकॅनिककडे जायचा तर प्रश्नच नव्हता. पायाला मेकॅनिक काय करणार? किल्ली खुंटीला लावली आणि सगळीकडे पायी जायला लागले. कुणी विचारलं तर चालणं तब्येतीला बरं, असं सांगायचे. संध्याकाळी मात्र गाडीवरची धूळ पुसताना एकटेच तिच्याशी बोलत बसायचे.

अशात कंपनीच्या वर्कशॉपमधून फोन आला. बोलणारी मुलगी चुणचुणीत होती. म्हणाली, तुमच्या गाडीसोबत निघालेल्या बऱ्याच गाड्यांची इग्निशन कॉईल खराब निघाली आहेत, कंपनी सगळ्या गाड्या परत बोलावून तपासतेय, फुकट बदलून देणार.

"आमच्या गाडीला काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले.

"काका, तापल्यावर धक्के देते का? हळू केली की बंद पडते का?"

मास्तर म्हणाले, "पडते. पण ते माझ्यामुळे. वय झालंय माझं."

"वयाचं आमच्याकडे काही नाही, काका," मुलगी म्हणाली, "पण कॉईलचं आहे. तुम्ही चालवू नका, मी ड्रायव्हर पाठवते."

ड्रायव्हर आला तो मास्तरांचा जुना विद्यार्थी निघाला. न निघता तरच नवल. मास्तर शेजारी बसले. वर्कशॉप जवळ आलं, सिग्नलला गाडी हळू झाली, आचके खाल्ले आणि गप्प झाली. मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "क्लच."

ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तुम्हीच बघा ना खाली."

मास्तर वाकले. पोराचा डावा पाय जिथे असायला हवा बरोबर तिथे होता, पूर्ण दाबलेला, टाच जमिनीवर, त्यांनीच शिकवल्यासारखा. मास्तर बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिले. मागे हॉर्न वाजत होते, पण त्यांना ऐकूच येत नव्हते.

वर्कशॉपमधल्या फोरमनबाईंनी बॉनेट उघडलं आणि बोटभर लांबीची काळी वस्तू उपसून हातात धरली. "हे प्लगला करंट देतं, म्हणजे ठिणगी पडते," त्या म्हणाल्या. "याचं वरचं कवच बघा, केसाएवढी चीर आहे. इंजिन तापलं की चीर फाकते, करंट भलतीकडेच जातो. ठिणगी नाही तर गाडी चालणार कशी? कुणीही बसा, बंद पडणारच."

"म्हणजे माझा पाय..."

"पायाचा काय संबंध?"

मास्तरांना तिथेच नाचावंसं वाटलं. तेलकट फरशीवर, गुडघे विसरून. पाय शाबूत होता. त्यांनी तो चपलेतून बाहेर काढून जरा हलवूनही बघितला. मग, का कोण जाणे, विचारलं, "ही चीर पडली कधी?"

"कारखान्यातूनच अशी आली आहेत सगळी," बाई कॉईल खोक्यात टाकत म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

पहिल्या दिवसापासून. मास्तरांचा आनंद जागच्या जागी विरला. भाजीबाजाराचा चौक डोळ्यांपुढे आला, आणि हँडब्रेक ओढणारा तो शांत हात. पोरीने विचारलं होतं. सरळ, साध्या शब्दांत विचारलं होतं, आणि आपण हसलो. नवीन कॉईल बसेपर्यंत ते बाकावर बसून राहिले.

घरी गाडी त्यांनी स्वतः आणली. कुठे धक्का नाही की आचका नाही, पण त्यांचं लक्षच नव्हतं. सून उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, कॉईल, चीर, पहिला दिवस. "तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "तुझ्या पायात काही खोट नव्हती. मी चारचौघांत तुला नको ते बोललो. चुकलो गं मी."

तिने इस्त्री उभी ठेवली. "जाऊ द्या ना बाबा. मी कधीच विसरले."

"मी नाही विसरलो. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. पहिल्यापासून शिकवतो."

ती मास्तरांच्या सदऱ्याची बाही सरळ करत राहिली, जी आधीच सरळ होती. मास्तरांना वाटलं, हिचं मन मेलंय, आता नाही म्हणेल, आणि म्हणू दे, आपलीच कमाई. पण ती त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बरं. येते."

सकाळी पोरांच्या शाळेमागच्या मोकळ्या मैदानात दोघं गेले. मास्तर शेजारी बसले, घसा साफ केला आणि सुरू झाले. हा क्लच, हा ब्रेक, हा आरसा. ती हो बाबा, हो बाबा करत होती. तिने किल्ली फिरवली, गिअर टाकला, गाडी हातभर पुढे गेली आणि दणका खाऊन बंद पडली.

"असू दे," मास्तर घाईने म्हणाले, "असू दे, होतं."

पण ते म्हणता म्हणता त्यांच्या डोक्यात काहीतरी खटकलं. गाडी बंद पाडणारी माणसं बघण्यात त्यांची उमर गेली होती. गाडी दणका खाते तेव्हा शिकाऊ माणसाचे खांदे कानापर्यंत वर जातात, श्वास अडकतो, स्टिअरिंग घट्ट आवळलं जातं. हिचे खांदे जागचे हलले नव्हते. ती निवांत बसली होती, बस यायची वाट बघत बसावं तशी. आणि गिअर टाकायच्या आधी तिने दांड्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली होती. ती टिचकी मास्तर ओळखत होते. टोपी नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता, त्याने पुढे स्टेशनमागे स्वतःची शाळा काढली. ही त्याची खोड, आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला ती लागायची.

म्हणजे पोरगी शिकली होती. दुसऱ्याकडे, गुपचूप, आणि चांगली शिकली होती. सासऱ्याला कळलं तर त्याला लागेल म्हणून घरात अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आज त्याच सासऱ्याचं समाधान व्हावं म्हणून, चालवता येत असूनही गाडी मुद्दाम बंद पाडत होती.

आधी मास्तरांना राग आला, खोटं कशाला बोला. टोपीकडे, त्या टोपीकडे, ज्याला रिव्हर्स यायला महिना लागला होता. मग राग कुठे गेला कळलंच नाही. ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. इतकी माया या पोरीच्या पोटात, आणि आपण तिला काय बोललो होतो.

"चल," ते थोड्या वेळाने म्हणाले. "तुझ्या हॉस्पिटलपर्यंत जाऊ."

ती चमकली. "पहिल्याच दिवशी? भर रस्त्यातून?"

"हो. मला तुझ्या पायाची खात्री आहे."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मास्तर समोर बघत होते, दोन्ही हात मांडीवर. मग तिने गाडी चालू केली आणि मैदानाबाहेर काढली, इतकी अलगद की मास्तरांच्या खिशातलं पेनसुद्धा हललं नाही. भाजीबाजाराचा चौक आला. तिने वेग कमी केला, हातगाडीला वाट दिली, रिक्षाला चुकवलं, वळली. मास्तरांवर "क्लच" म्हणायची वेळच आली नाही.

चौक मागे पडल्यावर ती म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय." तिचा आवाज ओला होता.

"पुढे बघून चालव," मास्तर म्हणाले. "सांगायचं काही नाही."

हॉस्पिटलच्या फाटकाशी वॉचमनने सलाम ठोकला. "आज लॅबची व्हॅन नाही चालवत, मॅडम?" तो मोठ्याने म्हणाला. मास्तरांनी समोरच्या झाडावरचं एक पान फार लक्षपूर्वक बघितलं.

ती उतरली. मास्तर गुडघे सांभाळत तिच्या जागेवर सरकले, सीट मागे घेतली. ती खिडकीशी उभीच होती, पदराने डोळे टिपत.

"उद्या रिव्हर्स शिकवतो तुला," मास्तर म्हणाले.

"बाबा, रिव्हर्स मला..."

"माहीत आहे मला. तरी शिकवतो."

ती हसली. मग खिडकीतून हात आत घालून तिने त्यांचा सीटबेल्ट नीट बसलाय ना ते बघितलं. "बरं," ती म्हणाली. "मग उद्या थोडं लवकर निघू."