आबांच्या बंदुकीचा कान

नोकरीत किती पंचनामे लिहिले ते विसरलो, पण हळद-कुंकवाने माखलेली ती ठासणीची बंदूक अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नावे सांगणार नाही. गाव डोंगरकड्याच्या बाजूचे, एवढे पुरे. मी तिथला ठाणेदार होतो आणि मिशीला पीळ देण्याची एकही संधी सोडत नव्हतो.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटलाचा फोन आला. आदल्या संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या खांद्याला बंदुकीचा मार लागला होता आणि दवाखान्यात तो शेजारच्या आबांचे नाव घेत होता. दोघांचा बांधाचा वाद जुना. रानडुकरांपासून पीक राखायला आबांकडे परवान्याची बंदूक. गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा नोंदवला गेला. सत्तरीतला माणूस अशा कलमाखाली आत गेला, की घरी परत येईलच असे सांगता येत नाही.

आबांना ठाण्यात आणले, बंदूक जप्त केली. "मी झाडली न्हाई," एवढेच ते म्हणाले. मग मी बंदुकीविषयी विचारले आणि आबा खुलले. बंदुकीची दारू परवान्याच्या दुकानातलीच घ्यायची. फटाक्यातल्या दारूचा भरवसा नाही. ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या टोप्या कोरड्या डब्यात ठेवायच्या. टोपी कानावर घट्ट बसली पाहिजे, सैल बसली की बार फुसका. बंदुकीचा कान म्हणजे ती छोटी नळी, जिच्यावर टोपी बसते आणि जिच्यातून ठिणगी आत दारूपर्यंत जाते.

"माझी बंदूक पहिल्या ठोक्याला वाजते, साहेब. सगळ्या शिवारात इचारा."

हवालदार खूश होऊन लिहीत होता. आबा स्वतःच्याच गळ्याभोवती फास आवळत होते.

मी बंदूक खिडकीपाशी नेली. दसऱ्याच्या पूजेचे हळद-कुंकू तिच्यावर तसेच होते. कानावर तर त्याचा गोळा बसून वाळला होता. केरसुणीची काडी मागवून तिचे टोक कानात घातले. जाईना. थर किंचित खरवडला, तर खाली लोखंड स्वच्छ. बार झाला की कानाभोवती काजळी धरते. इथे तिचा मागमूस नव्हता.

"आबा, पूजेनंतर हे पुसलं नाही?"

"देवीचं हळद-कुंकू पुसायचं काहून? दिवाळीपर्यंत हात लावत न्हाई आमी."

"मग इतके दिवस डुकरं कशानं हाकलली?"

आबांनी मान खाली घातली. "डबा वाजवून," ते पुटपुटले. "तेवढं लिहू नका, साहेब."

मला हसू आवरेना. हा माणूस तुरुंगात जायला तयार होता, पण आपली बंदूक मुकी झाली होती हे गावाला कळू द्यायला तयार नव्हता.

बंदूक सील करून तपासणीला पाठवली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी खांद्यातून काढलेला तुकडा छर्रा नव्हताच. त्याला स्क्रूसारखे आटे होते. तो बंदुकीचा कान होता, आणि आबांच्या बंदुकीचा कान तर जागेवर होता. शिवाय फिर्यादीच्या उजव्या गालावर बारीक काळे ठिपके. असे ठिपके बंदूक स्वतःच्या गालाला लावणाऱ्याला पडतात, लांबून मार खाणाऱ्याला नाही.

खाटेजवळ स्टूल ओढले, तो तुकडा त्याच्यापुढे धरला आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारले, "पाहुणे, हा जिचा कान, ती कुठं ठेवली?"

तो म्हणाला, "कडब्याच्या गंजीत."

पंचांसमोर ती निघाली. बिनपरवान्याची, कान उडालेली. डुकरावर झाडायला फटाके फोडून काढलेली दारू त्याने ठासून भरली होती, आणि कानाचे आटे आधीच झिजलेले. बार उलटला.

"खरं सांगतलं असतं तर तुमी मलाच आत टाकलं असतं," तो म्हणाला. "आबाचं नाव घेतलं की बांधाचंबी मिटत होतं."

आबा सुटले. पंचनामा मात्र मी एक शब्द न गाळता लिहिला, आणि पारावर गाव जमवून झाला प्रकार साभिनय सांगितला. डबा वाजवण्याच्या जागी जरा जास्तच थांबलो. गाव हसले, शेवटी आबाही हसले. त्या हसण्यात त्यांच्यावरचा संशय जसा धुऊन निघाला, तसा नुसत्या कागदाने निघाला नसता.

त्या तपासाचा मला आजही अभिमान वाटतो. माणसाच्या बढाईला कबुली समजू नये. तो जे सांगायला लाजतो, तिथे मात्र जरूर डोकवावे, हे मी त्या खिडकीपाशी शिकलो.

वर्दी उतरली, तरी दर दसऱ्याला आबांचा फोन येतो. "पूजा झाली, साहेब," ते सांगतात. "कान सोडून लावलं."