बांगड्यांचा आवाज

पांढुर्ण्याच्या घरी माइकसमोर गोष्ट वाचताना माझ्या बांगड्या वाजल्या. "राहू दे आई, रेकॉर्डिंगचा प्रोसेसर आपोआप गाळून टाकते तो आवाज," मुलगी म्हणाली.

मला सौंसरच्या माहेरचं स्वयंपाकघर आठवलं. शाळेच्या स्पर्धेसाठी मी टेपरेकॉर्डरवर कविता भरत होते. "आई, तुह्या बांगड्या वाजून राहिल्या ना!" मी खेकसले. आईनं बांगड्या वर सारल्या, कणकेच्या हातांनीच त्यांवर पदर गुंडाळला आणि श्वाससुद्धा जपून घेत बसली.

आई आता नाही. ती कॅसेट आज पुन्हा लावली. एखादी किणकिण तरी निसटली असेल म्हणून कान लावून ऐकली. नुसता माझाच आवाज, अगदी स्वच्छ.

कविता संपल्यावर आईनं हळूच विचारलं होतं, "आता बोलू काय वं?"

तोवर मी बटण बंद केलं होतं.