खांद्याची सोनोग्राफी

फळ्यावर तारीख लिहायला हात वर नेला की माझा उजवा खांदा निसटायचा. आत काहीतरी पुढे घसरायचं, जीव कळवळायचा, आणि हात खाली घेतला की आपोआप जागेवर बसायचं. एक्स-रे काढला तर सगळं ठाकठीक. फोटोपुरता खांदा शहाण्यासारखा बसलेला! "बाईंना शाळेचा कंटाळा आलाय," नवरा हसत म्हणाला. ते हसणं मला अजून झोंबतं.

शेवटी कर्जतच्या हाडांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितलं. नवऱ्याने तिथूनच पोशीरला घरी फोन केला आणि सासूबाईंनी नेमका तेवढाच शब्द ऐकला. आम्हाला मूलबाळ नाही. लग्नाला किती वर्षं झाली ते मी आता मोजत नाही, त्या मोजतात. त्यातून आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत अशी बातमी कोणी फोडत नाही. खांद्याचं दुखणं हे नुसतं पांघरूण, असं त्यांनी मनाशी धरलं. मला याचा पत्ताच नव्हता.

सोनोग्राफीच्या दवाखान्यात सगळ्या बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या. समोर गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "ताई, पाणी प्या. लघवीला लागली की सांगा."

"खांद्याला कशाला पाणी?" मी खेकसलेच. सगळ्या वळून बघायला लागल्या. त्यांच्या पोटांकडे नजर जाऊ नये म्हणून मी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

आत डॉक्टरीणबाईंनी खांद्याला गार जेल लावलं, त्यावर यंत्र टेकवलं आणि दुसऱ्या हाताने माझा हात हळूहळू बाहेर, वर, मागे फिरवला. पडद्यावर हाडाची गोल पांढरी कड पुढे सरकली.

"बघा, हलतंय."

मला रडूच आलं. माझं दुखणं पहिल्यांदा कोणालातरी दिसलं होतं.

"सांधा ढिला झालाय. हात वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही. ऑपरेशनचं हाडांचे डॉक्टर बघतील. घरी लहान मूल आहे? कडेवर घेऊ नका."

"नाही."

"मग सोपं आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली. सोपं! जेल पुसताना मला त्यांचा, माझा, सगळ्यांचाच राग आला.

घरी रिक्षातून उतरले तर सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. ओवाळला, टाकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. मला काही कळेना. आत नेऊन त्यांनी दार लोटलं.

"काय दिसलं गं? हालतंय ना?"

"हो, हालतंय," मी म्हणून गेले.

त्यांचा चेहरा असा फुलला की तसा मी लग्नातही पाहिला नव्हता. त्यांचा हात माझ्या पोटावर आला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाटलं, गप्प राहावं. निदान आजची रात्र तरी या घरात ते मूल असू दे. पण पुढे काय करणार होते मी? डाव्या हाताने मी त्यांचा हात उचलला आणि खांद्यावर ठेवला.

"इथं, आई. हाड हालतंय."

त्यांनी हात काढून घेतला.

"मंग आदीच सांगायचंस ना गं," त्या म्हणाल्या, "खांदाच दुखतो म्हून."

वर्षभर मी दुसरं काय सांगत होते?