साल काढल्यावर चालत नाही

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दुसऱ्यांची वांगी भाजणं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. जळगावात पिंप्राळ्याला आमच्या वस्तीला लागून बंगल्यांची कॉलनी आहे. थंडी पडली की कॉलनीवाले मोकळ्या प्लॉटवर भरीत-पुरीचं जेवण करतात. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यात हिरवी वांगी भाजायची, हे काम दरवर्षी आमचं. मी काड्या सरकवायचो, कौतिका वांगं उलटायची. धुरानं डोळ्यांतून पाणी गळत असायचं, तरी मला टोमणा मारायची, "जाळ करी राह्यनात का खेळी राह्यनात?"

त्या संध्याकाळी वांगी भाजून झाली. ती बसल्या बसल्या सोलायला लागली. सवयीचा हात, थांबत नाही. एक वांगं सोलून बडगीत टाकलं. बडगी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडाचं खोल भांडं. मुसळी उचलली, तशा सरांच्या मॅडम लगबगीनं आल्या. सर म्हणजे कॉलनीतलेच, कॉलेजातून रिटायर झालेले.

"मावशी, राहू द्या. भाजण्यापर्यंत चालतं. ठेचायचं आमचं आम्ही बघतो. सासूबाई जेवायच्यात ना."

सर हसले. "आम्हाला सगळं चालतं बरं का, नाना. पण म्हातारं माणूस. मन मोडवत नाही."

मग तिनं सोललेलं वांगं मॅडमनी बडगीतून काढलं, द्रोणात घातलं आणि आमच्याच हातात दिलं. "हे तुम्हाला."

आम्ही बौद्ध. सालाला आमचा हात चालतो, कारण साल फेकायचं असतं. आतल्या गराला चालत नाही. मी चौथी शिकलो, पुढं दालमिलमध्ये पोती वाहिली. पण एवढं मला कळतं.

घरी येताना मी शिव्या देत होतो. ती गुडघ्यावर हात दाबत मागून येत होती. म्हणाली, "चालस हो. मन्हं काय झिजनं?"

चालस. 'चालतं' म्हणायचा हा तिचा शब्द. भाजीत मीठ नाही, चालस. पत्रा गळतो, चालस. फाटक्या लुगड्याला दंड घातलाय, चालस. सगळा संसार तिनं या एका शब्दावर ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. रिक्षा दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास चालायचा थांबला होता. मातीला आलेली माणसं खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चालायचंच, नाना." काय चालायचं? जी चालत होती ती तर निजली.

आता खरं सांगतो. मी जळतो.

रोज सकाळी सर आणि मॅडम माझ्या दारावरून चालायला निघतात. डॉक्टरनं सांगितलंय म्हणे. मॅडमच्या पायात पांढरे बूट. खड्डा आला की सर त्यांचा कोपर धरतात. त्या म्हणतात, "हळू चाला हो." मी ओट्यावर बसलेला असतो, हातातला चहा गार होतो. त्यांच्या बंगल्याचा मला कधी हेवा वाटला नाही. गाडीचाही नाही. त्या "हळू चाला हो"चा वाटतो. कौतिका गुडघे धरून माझ्या मागं चालायची, मी कधी कोपर धरला नाही, हे त्यांच्याकडं बघून आठवतं, आणि आणखी जळतो. दुसऱ्याचा हात बाजूला सारणारी बाई चालते आहे. हात देणारी गेली. याचा हिशेब कुणाकडं मागू?

मुलगी धुळ्याला देवपुरात असते. फोनवर म्हणते, "आबा, इकडं या. नका बघत बसू त्यांच्याकडं." मी बघतो. रोज बघतो.

यंदा थंडी पडली. एका संध्याकाळी सर दारात आले.

"नाना, उद्या भरीत आहे. मावशी नाहीत आता. पण तुम्ही एकटे आलात तरी चालेल."

चालेल. तिच्यावाचून यांचं चालेल. माझं चालत नाही. तिखटाचा डबा सापडत नाही, खाटेची तिची बाजू अजून झाडवत नाही. त्या घडीला मला सरांचा असा हेवा वाटला की दात आवळले गेले. तिच्यावाचून ज्याचं काही अडत नाही, तो माणूस किती सुखी.

मी म्हटलं, "सकाळी सांगतो."

सकाळी उठलो. खाटेखालून कौतिकाची बडगी ओढली. ती गेल्यापासून हात लावला नव्हता. धुतली, पुसली. दारातच रस्त्याच्या कडेला काड्या पेटवल्या. वांगी भाजली. सोलताना बोटं पोळली. मिरच्या, लसूण घातला आणि ठेचायला बसलो. मुसळीचा आवाज कॉलनीपर्यंत जात होता.

दोघं नेहमीसारखे चालत आले. थांबले.

"वा नाना, सकाळीच? काय वास सुटलाय. मग संध्याकाळी येताय ना?"

"येतो. ही बडगी घेऊन येतो. भाजणार मी, सोलणार मी, ठेचणार पण मीच. तेच सगळ्यांच्या ताटात पडेल. चालतं का, सांगा."

मॅडम बुटांकडं बघत राहिल्या. सर म्हणाले, "विचारून सांगतो."

"कुणाला विचारता, सर? तुमच्या आई तर पावसाळ्यातच गेल्या."

सरांनी मॅडमचा कोपर धरला आणि चालू लागले.

तिचं "चालस" तिच्यासंगं गेलं. मी ते पुढं चालवणार नाही. माझा हात लागला तर ताटापर्यंत लागेल, नाहीतर काडीलाही लागणार नाही.

मी मुसळी उचलली. ते वळणाआड जाईपर्यंत, आणि गेल्यावरही, ठेचत राहिलो.