मागची फळी

"होडीत माणूस वजन बघून बसवायचा, घराणं बघून न्हाई." सोनबा भोई येता-जाता हे म्हणायचा. आळंदीच्या वरच्या अंगाला, इंद्रायणीवर त्याची होडी चालायची. गावच्या उतारूंकडून तो पैसा घेत नसे. सुगीत खळ्याखळ्यावर फिरून बाजरी घ्यायचा, तिच्यावर वर्ष निघायचं.

त्याला मुलगा नव्हता. होडी त्यानं लेकीला, गिरजाला शिकवली. जड माणूस मध्ये, हलका कडेला. धार आडवी कापायची नाही, तिरकं जायचं. पश्चिमेचा वारा सुटला की कळकाच्या काठीला जुनं धोतर बांधून शीड करायचं. पण त्याची दोरी कधी गाठ मारून ठेवायची नाही, हातात धरायची, कारण वारा सांगून फिरत नाही. शीड फुगलं की गिरजाला वाटे, नदीनंच आपल्याला कडेवर घेतलंय. बापाचा शब्द तिला त्या नदीइतकाच खरा होता.

चौसष्टच्या पावसाळ्यात सोनबा हिवतापानं अंथरुणाला खिळला आणि तेरा वर्षांच्या गिरजानं एकटीनं होडी सोडली. त्या सकाळी भिवा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, धुतलेला सदरा घालून. पिंपरीकडच्या एका कंपनीच्या फाटकावर माणसं घेणार होते, दुपारच्या आत पोचायला हवं होतं. भिवाच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, तेव्हापासून गावानं त्यांना मजुरीला बोलावणंही बंद केलं होतं. ही नोकरी लागली तर घराला आधार होणार होता.

तेवढ्यात गावचे मोठे बागायतदार यशवंतराव आले. बरोबर चार माणसं आणि गुळाच्या ढेपा. होडी काठोकाठ भरली.

"ए पोरी, त्याला उतरव. येईल दुसऱ्या खेपेला."

"मालक, पर त्यो आधी आलाय."

"आधी आला तर काय झालं? तुझ्या बापाला बाजरी तो घालतो का आम्ही?"

दोन ढेपा उतरवल्या तरी भागलं असतं, हे गिरजाला दिसत होतं. भिवानं तिच्याकडं पाहिलं. तिनं वल्ह्याकडं पाहिलं.

"भिवादादा, लगेच येते माघारी."

तो उतरला. होडी पैलतीराला लागली आणि वारा फिरला, पाणी चढलं. दुसरी खेप झालीच नाही. भिवा लांबच्या पुलावरून पळत गेला. फाटकावर पोचला तेव्हा भरती उरकली होती.

वारा पडल्यावर संध्याकाळी गिरजा होडी घेऊन परतली, तेव्हा सोनबाला कळलं. तो तापातच उठला आणि गिरजाचं मनगट धरून भिवाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. भिवाची आई, भिमाबाई, सुपात तांदूळ निवडत होती.

"भिमाबाई, पोरगी चुकली. म्या तिला असं शिकवलं न्हाई."

"मग कसं शिकवलं?"

"वजन बघून बसवायचं."

म्हातारी हसली. सूप बाजूला ठेवून उभी राहिली. "सोनबा, मला उचलून बघा बरं. शेणीची पाटी जड भरंल माझ्यापरीस. मग इतकी वर्सं मला मागच्या फळीवर का बसवलं? बोचक्यांत, पाणी झिरपतं तिथं? आन् त्यो यशवंतराव, बैलावानी अंगाचा, त्यो पुढं कोरड्यात कसा?"

"आये, जाऊ दे," भिवा दारातून म्हणाला.

"का जाऊ दे? पोरीवर कशाला ढकलता? तिनं डोळ्यांनी बघितलं तेच केलं."

 ती फळी गिरजानंच रोज खरवडून धुतली होती. तिथं कोण बसतं, हे तिला पाठ होतं. का बसतं, हे मनात कधी आलंच नव्हतं. आता बा काहीतरी बोलेल, होडीची एखादी अशी गोष्ट सांगेल की सगळं पुन्हा सरळ होईल, म्हणून ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.  कपाळावरचा घाम त्यानं पुसलाही नाही.

"व्हय," एवढंच तो म्हणाला.

मग त्यानं तिचं मनगट सोडलं. तिला 'चल' म्हणाला नाही, तिच्याकडं पाहिलंही नाही. खाली मान घालून, झोकांड्या खात, तो अंगणाबाहेर पडला आणि घराची वाट सोडून रानाच्या बांधानं चालू लागला. गिरजाला त्याच्या मागं जाववेना. ती भिमाबाईच्या शेजारी उभी राहिली, आणि बांधावरच्या त्या वाकलेल्या पाठीकडं दोघी बघत राहिल्या.