पाण्यावरून आम्हाला कोणी हाकललं?

मंडळी, आधीच सांगून ठेवतो... मी या विषयातला माणूस नाही. आमच्याकडे लग्नाकार्यात जेवणं उरकली की कोणीतरी हमखास "आमच्या काकाला एकदा रस्त्यात..." असं सुरू करतं, आणि मी नेमका तेव्हा सुपारी शोधायला उठतो. भीतीमुळे नाही हो — कंटाळा येतो म्हणून. (बायको म्हणते, भीतीमुळेच. ती हे वाचणार आहे, म्हणून दोन्ही बाजू लिहून टाकल्या.) पण मागच्या हिवाळ्यात जे झालं ते माझ्या स्वतःच्याच बाबतीत झालं, तेव्हा उठून जाणार कुठे? आणि तसंही तेव्हा चहूकडे पाणी होतं.

माझं आदिलाबादला भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी तेलुगू, घरात मराठी आणि होलसेलवाल्याशी भांडायला हिंदी, असा आमचा कारभार. सासुरवाडी जवळच, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, एका प्रोजेक्टच्या काठावर. प्रोजेक्ट म्हणजे धरण. आमच्या भागात धरणाला कोणी धरण म्हणत नाही. माझ्या लग्नाच्या थोडं आधी तिथे पाणी अडवलं. त्यात मामांची — म्हणजे माझ्या सासऱ्यांची — आणि गावातल्या पुष्कळ लोकांची खालची जमीन गेली. उरलेल्या रानात आता जिकडेतिकडे कापूस. ज्वारी मामा घराजवळ चार ओळी पेरतात, तीसुद्धा लेक-जावई हुरडा खायला येतात म्हणून.

तर त्या वर्षी हुरड्याला हैदराबादहून माझा साळा राजूही आला होता. कंपनीत नोकरी, आणि ऑनलाइन वस्तू मागवायचा भारी नाद. या वेळी त्याने आणली होती होडी. रबराची, हवा भरायची, निळी. खोक्यावर चार सडपातळ माणसं त्या होडीत बसून हसत होती. आम्ही तिघं — राजू, मी आणि माझी बायको सुनंदा — बसलो, तर त्या चौघांपेक्षा जास्त भरलो.

सकाळची वेळ. आदिलाबादची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको. पाण्यावर धुकं. मामा शेकोटीजवळून म्हणाले, "धुई उतरू द्या, मंग जा."

"बाबा, धुईतच तर फोटो चांगले येते," राजू म्हणाला.

आता माझं कर्तृत्व ऐका. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून तयार होती. मी म्हणालो, हुरडा गरम खाल्ला तरच हुरडा, नाहीतर ती नुसती ज्वारी. मग मी आमच्याच दुकानातलं कोरं लोखंडी घमेलं घेतलं, त्यात निखारे भरले, वर कणसं ठेवली, खाली ओलं पोतं अंथरलं, आणि ते घमेलं... हो, रबराच्या होडीत ठेवलं. पाण्याच्या मधोमध बसून गरम हुरडा खायचा, असा बेत. तुम्ही हसताय ते मला इथे ऐकू येतंय. पण तेव्हा कोणालाच काही वावगं वाटलं नाही! उलट राजू म्हणाला, "भाऊजी, डोकं हाय बरं तुमाले."

अर्धा तास तर स्वर्गच होता. धुक्यातून कोवळं ऊन, तळहातावर चोळलेला हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी. सुनंदा खूश होती. ती खूश असली की माझ्या बालपणापासूनच्या सगळ्या चुका सांगते, तशा सांगत होती.

मग राजू नाक वर करून म्हणाला, "भाऊजी, रबर जळल्यासारखा वास येऊन राह्यला."

"गोवरीचा आहे," मी म्हणालो. भांड्यांच्या धंद्यात इतकी वर्षं काढली की माणसाला आत्मविश्वास येतो.

पोतं वाळून बाजूला सरकलं होतं. घमेलं एका अंगाने होडीला टेकलं होतं. "फुस्स" असा आवाज झाला आणि माझ्याकडची बाजू बसायला लागली. सुनंदाने पदराने घमेल्याचे कान धरून ते उचललं आणि सरळ पाण्यात भिरकावलं.

"अगं, कोरं होतं!" मी ओरडलो.

"तुमी बी जाता का त्याच्या मागं?"

त्या होडीला हवेचे दोन कप्पे होते. एक गेला, एक शिल्लक. आम्ही काठाकडे वळलो... आणि तेव्हा कळलं की काठच नाही. खाण्याच्या नादात धुकं दाट झालं होतं. चारी बाजूंना सारखंच पांढरं. राजूने अंदाजाने वल्हं मारलं, तर समोर बुडालेल्या झाडाचं काळं खोड उभं. तिथे ती उरलेली बाजूही फाटली असती. मोबाईलला रेंज नाही. आम्ही ओरडलो, कोणी ओ दिली नाही. पाणी घोट्याच्या वर आलं, आणि ते पाणी म्हणजे बर्फ.

लाईफ जॅकेटं दोनच होती. राजूला पोहता येतं. आम्हा नवरा-बायकोला विहिरीत वाकून पाहायचीही भीती. त्याने दोन्ही आम्हाला दिली. सुनंदाचं बसलं. माझ्या पोटावर पट्टे एकमेकांना भेटेनात. दुसऱ्या वेळी यावर हसून पुरेवाट झाली असती. सुनंदाने गळ्यातला स्कार्फ सोडला, माझ्या पोटावरून घेऊन गाठ मारली. "सुटलं तर मले धरजा," एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला असं कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा मला खरी भीती वाटली, माझ्यापेक्षा तिची जास्त. कारण मी तिला धरलं असतं तर दोघंही गेलो असतो, हे मला समजत होतं.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"होऽऽऽ हा! हाऽऽऽ हो!"

पुरुषाचा, खणखणीत, पोटातून काढलेला. राजू आनंदाने उडालाच. "ओ दादा! इकडं! आमी इकडं हाव!" त्याने होडी आवाजाकडे वळवली. तर होडीच्या नाकासमोर टुप्पकन काहीतरी पडलं, पाणी तोंडावर उडालं. परत "हाऽऽऽ हो!" परत टुप्प, आणखी जवळ.

"दगड काऊन मारून राह्यला हा?" राजू चिडला.

सुनंदा कान देऊन ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "राजू, तो बोलवून नाही राह्यला. हाकलून राह्यला."

"कोणाले?"

"आपल्याले. गोफण हाय ती."

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी ज्वारी भरात आली की शेतात चार खांबांवर माळा बांधायचे, त्यावर राखणदार उभा राहून पाखरं हाकलायचा. तोंडाने आरोळी आणि हाताने गोफण, गोफणीत मातीचे वाळवलेले गोळे. सुनंदा लहानपणी आत्याबरोबर माळ्यावर उभी राहिलेली. ती म्हणाली, "पाखरू उजवीकडून शिरलं का गोळा उजवीकडं टाकते. मारत नाही, वळवते. तू आवाजाकडं पाठ कर अन् चाल."

राजूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आयुष्यात बायकोचं इतक्या चटकन कधी ऐकलं नसेल. आवाज पाठीशी ठेवून तो वल्हवायला लागला, मी हुरड्याच्या ताटलीने पाणी मागे लोटायला लागलो. उजवीकडे सरकलो की उजवीकडे टुप्प. डावीकडे गेलो की डावीकडे. एकदा तर आम्ही नीट चाललो आहोत असं मला वाटत असताना डाव्या हाताला एकामागून एक गोळे पडले. आम्ही घाबरून वळलो, आणि धुक्यातून बुडालेल्या झाडाचा शेंडा अगदी वल्ह्याला घासून गेला.

एक गोळा मात्र माझ्या मांडीवर पडला. लिंबाएवढा, मातीचा, कडक. मी तो उचलून राजूला दाखवला — "हे बघ!" — आणि गारठलेल्या बोटांतून तो होडीतल्या पाण्यात सुटला. नंतर चाचपला, तर नुसता चिखल. माझ्या आयुष्यातला एकमेव पुरावा मी असा विरघळवला.

आरोळी मागे मागे राहत गेली. मग थांबली. आणि होडीखाली जमीन घासली.

मामा काठाकाठाने आम्हाला शोधत आलेच होते. त्यांनी आधी लेकीला बाहेर ओढलं, मग मला, आणि माझ्या पोटावरची गाठ बघून काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"कोण वरडत होतं हो, मामा?" मी विचारलं.

"तुमी. तुमची बोंब ऐकून तर आलो."

"आमच्याशिवाय?"

"दुसरं कायी नाही ऐकलं म्या."

शेकोटीजवळ अंग शेकताना सुनंदाने सगळं सांगितलं. तोवर धुकं उठलं होतं आणि समोर अख्खं पाणी मोकळं दिसत होतं. ना नाव, ना माणूस. आवाज जिथून आला ती जागा मधोमध. उभं राहायला फूटभर कोरडी जमीन नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अंगावर मारला का गोळा?"

"मांडीवर आला एक. पण लागला नाही."

"मंग हात चांगला व्हता," ते म्हणाले. जसं काही गावातल्या कोणाबद्दल बोलत होते.

"पण व्हता कोण?" राजू म्हणाला.

"तिथं आपलं वावर व्हतं, बाजूले दुसऱ्याचं, त्याच्या बाजूले तिसऱ्याचं. ज्वारीच्या दिवसांत सारेच वरडत. कोनाकोनाचं नाव घेऊ?"

राजूचं म्हणणं, समोरच्या काठावर कोणी हरभऱ्यातली माकडं हाकलत असेल, आवाज पाण्यावरून आला. टुप्प म्हणजे मासे. आणि माती आमच्याच पायांची. हुशार मुलगा आहे. मी पुढच्या आठवड्यात पलीकडच्या काठाला जाऊन विचारून आलो. त्या सकाळी इतकं धुकं होतं की कोणी शेतात उतरलंच नव्हतं. आणि मासे उजवं-डावं बघून उड्या मारतात, हे मला माहीत नव्हतं.

असो. आम्ही तिघं धडधाकट आहोत. सुनंदा आता हा किस्सा माझ्यापेक्षा छान सांगते, त्यात माझं पोट दरवेळी थोडं वाढतं.

या वर्षी पाणी उतरल्यावर मामांनी काठाच्या गाळात ज्वारीचा एक पट्टा पेरला. पार पाण्याला लागून, घरापासून लांब. गावातले हसले... एवढ्याशा ज्वारीवर सगळ्या मुलखाची पाखरं पडतील, एक दाणा हाती लागणार नाही! मीही फोनवर तेच म्हणालो. तर म्हणाले, "पडू द्या ना. त्याले बी कायी काम पाह्यजे."

परवा त्यांचा फोन आला. कणसं भरली, हुरड्याला या म्हणून.

"पाखरांनी काही ठेवलं का?" मी विचारलं.

"येते ना पाखरं. रोज येते," मामा म्हणाले. "पन बसत नाही."

का बसत नाहीत, ते मला ठाऊक नाही. मामांनाही नाही, आणि ते शोधायला निघालेलेही दिसत नाहीत. आम्ही रविवारी जातो आहोत.