मोठी अक्षरं, लहान अक्षरं आणि ईटचं दूध

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे ताई, कॉम्प्युटरवर सगळं लहान अक्षरांत लिहितात. इंग्रजीत मोठी अक्षरंही असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं असं मी त्यांना चिडवते. माझं उलट. शाळेतल्या बाईंनी कुठलंही नाव मोठ्या अक्षरानं सुरू करायला छडी दाखवून शिकवलं, ते हाडात मुरलंय. धाराशिवला घराच्या पुढच्या खोलीत बसून आम्ही दोघींनी दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्राम लिहिला, तोही असाच. सभासदांची नावं आणि आवक हा ताईंचा भाग, दुधातलं फॅट मोजायचं मशीन आणि पावती हा माझा. माहिती ठेवायच्या ज्या कप्प्यांना आम्ही टेबल म्हणतो, ती दोघींची एकच. त्यांची नावं मात्र ताई आपल्या पद्धतीनं लिहायच्या, मी माझ्या. जुन्या विंडोजच्या कॉम्प्युटरला त्याचं काहीच वाटत नव्हतं. कशीही हाक मारा, तो ओ द्यायचा. त्यामुळे असा काही फरक आहे, हे आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

तो प्रोग्राम ईट गावात केंद्र चालवणाऱ्या एका काकूंनी घेतला. नात्यातली मंडळी सोडली तर आमच्यावर विश्वास टाकणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांच्या समोरच दुसरं केंद्र उघडलं होतं, आणि जिथं कॅन लवकर रिकामा होतो तिथं माणूस जातो. दुसऱ्या एका प्रोग्रामचा विक्रेताही त्यांच्याकडं खेटे घालत होता. काकूंनी मला तोंडावर सांगून ठेवलं होतं की एकदा जरी दूध खोळंबलं तर मी त्याला बोलावीन, मग वाईट वाटून घेऊ नकोस. त्या गेल्या असत्या तर आमची पुढची खोली पुन्हा पाहुण्यांच्या चपलांची झाली असती.

त्यांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला, तेव्हा नवा बसवायला आम्ही येळवशीचा दिवस धरला. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली की आमच्याकडं गाव बंद. सगळे शेतात भाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातलं आंबील खायला जातात, दूध-ताक घरीच लागतं, म्हणून सकाळी काकू केंद्र उघडत नाहीत. मी एकटीच ईटला आले, मोकळा दिवस म्हणून खूश होते. नव्यावर विंडोज न टाकता लिनक्स टाकलं, जुन्यातला सगळा डेटा उचलून आणला, सभासदांची नावं उघडून पाहिली. सगळी होती. जुना कॉम्प्युटर तेवढं काम करून बंद पडला तो पडलाच. दूधच नसल्यामुळे फॅट लावून पाहायचा प्रश्न आला नाही.

संध्याकाळी शेतातून लोक परतले आणि कॅन यायला लागले. पहिल्या सभासदाचं नाव पडद्यावर आलं. काकूंनी नमुना मशीनला लावला. मशीननं आकडा दाखवला, पण प्रोग्राम म्हणाला की असं टेबलच नाही. मी डेटाबेस उघडला तर टेबल समोर बसलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं. माझं डोकं फिरलं. रांगेतल्या एकानं समोरच्या केंद्राकडं पाहिलं, ते मी पाहिलं, आणि फोन काढला.

ताई येडशीच्या शिवारात होत्या, आमच्या शेतात. घरची थोरली सून, त्यात उशिरा आलेले पाहुणे जेवायला बसलेले. तरी फोन लावला आणि वर तोऱ्यातच विचारलं की माझ्या टेबलांना तुम्ही हात लावलात का. दुसरी कुणी असती तर फोन ठेवला असता. ताईंनी वाढायचं पातेलं सासूबाईंच्या हातात दिलं आणि कडब्याच्या खोपीच्या आडोशाला सोबत नेलेला लॅपटॉप घेऊन बसल्या. ईटच्या कॉम्प्युटरवर तिथूनच शिरल्या, टेबलांची नावं एकदा खालपर्यंत पाहिली.

"जुन्यानं सगळी नावं लहान करून ठेवली होती गं. तू मोठ्या अक्षरानं मागतीस, हा नवा देत न्हाय. ह्याला मोठं अक्षर म्हंजे दुसरंच नाव."

माझ्या भागात ती नावं शंभर जागी होती. आता बदलत बसले तर दूध नासेल, असं मी म्हणाले, आणि आवाज रडवेला झाला होता. ताई म्हणाल्या, बदलू नकोस. प्रत्येक टेबलासाठी त्यांनी मोठ्या अक्षराच्या नावाचा एक झरोका करून दिला. हाक मोठ्या अक्षरानं आली की झरोका उघडायचा आणि पलीकडचं तेच टेबल दिसायचं. माझी एक ओळही त्यांनी खोडली नाही.

इकडं काकूंनी रांग तोपर्यंत धरून ठेवली होती. सोबत आणलेला भज्जीचा डबा त्यांनी ओट्यावर उघडला, आणि येळवशीच्या दिवशी खाल्ल्याशिवाय कोण जातंय बघते, म्हणाल्या. त्यांच्या हातून सुटून कुणी गेलं नाही. मग पुन्हा नमुना लावला. फॅटचा आकडा पडद्यावर आला, पावती बाहेर पडली. एकेक कॅन रिकामा होऊ लागला.

शेवटचा माणूस गेल्यावर काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. फोन अजून चालूच होता, आवाज मोठा केलेला. त्यांनी शांतपणे विचारलं, "चूक कुणाची झाली, पोरी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात फोनमधून ताईंचा आवाज आला.

"आमची झाली, काकू. आमी दोघींनी मिळून केलंय ते."

मी भांडण उकरून काढलं होतं आणि ताईंनी ते घरात येऊच दिलं नाही. माझे डोळे भरून आले, ते काकूंनी पाहिलं की नाही कोण जाणे. त्यांनी फोनकडं तोंड केलं आणि म्हणाल्या, "व्हय का. मंग सकाळच्या दुधाला बी दोघींनी ध्यान ठिवा."